मूठभर तांदूळ आणि इंटरनेट

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहिलेले काही मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



मुलांनो, मोबाईल खिशात टाकू नका. आजचा विषयच त्याचा आहे.

समितीने आम्हाला पत्र दिले त्यात लिहिले होते, ‘इंटरनेटच्या माध्यमातून भूकनिवारणाच्या कार्यास साहाय्य’. वाचून आम्हाला हसूच आलं. आम्ही साचेखात्यातली माणसं. तुटलेल्या धाग्याला झटक्यात गाठ मारायची या बोटांना सवय. मोबाईलच्या काचेवर ती नीट चालत नाहीत, एक अक्षर दाबावं तर शेजारचं उमटतं. शाळा नववीपर्यंत. पुढचं जे काही शिक्षण झालं ते याच विहाराच्या वाचनालयात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. अशा माणसाने इंटरनेटवर काय बोलावे? पण मग लक्षात आलं की या विषयाचं दुसरं टोक भूक हे आहे, आणि त्या टोकाची आमची ओळख जुनी आहे. म्हणून हो म्हटलं.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. वडील संपावर. पहिले दोन महिने वाण्याने वहीत लिहून घेतलं, तिसऱ्या महिन्यात वही मिटली. चाळीतली अर्धी माणसं गावाला गेली; आम्हाला गावी जमीनच नव्हती तर जायचं कुठं? त्या काळात चाळीतल्या बायांनी विहारात डालड्याचा एक रिकामा डबा ठेवला. ज्यांच्या घरी चूल पेटत होती, म्हणजे कुणी बी.एम.सी.त, कुणी गोदीत, अशा घरची बाई तांदूळ शिजवायला घेताना त्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि संध्याकाळी वंदनेला येताना पदरात आणून डब्यात टाकायची. आठवड्याला डबा भरला की ज्याला नड असेल त्याने न्यायचा.

आता ऐका. आमच्या घरी नड होती आणि आमची आई डबा आणायला गेली नाही. चार पोरं उपाशी, तरी गेली नाही. ‘दिवसाढवळ्या सगळ्यांदेखत माप घ्यायचं? माझ्या च्यानं व्हायचं नाही,’ म्हणायची. मग शेजारची आत्या रात्री दिवे मालवल्यावर पदराखाली तांदूळ घेऊन यायची, आमच्या पिंपात ओतायची आणि एक शब्द न बोलता जायची. आईने मान वर केलेली आम्ही कधी पाहिली नाही. दान देणाऱ्याचे पुण्य आपण सगळे सांगतो. घेणाऱ्याची मान हा विषय आपल्या भाषणांत फारसा येत नाही. आज तो येणार आहे, कारण इंटरनेटचा आणि त्याचा फार जवळचा संबंध आहे.

त्या डब्याला आपल्याकडे मुष्टिफंड म्हणतात. शब्द नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतल्या मुलांची जेवणे अशाच मुठींवर झाली. तिकडे तैवानात १९६६ साली धर्माचार्य चेंग येन या भिक्षुणीने तीस गृहिणींना बांबूच्या नळ्या दिल्या आणि सांगितलं की भाजीला निघताना रोज अर्धा डॉलर, म्हणजे त्यांच्या देशातला डॉलर, किंमत अगदी किरकोळ, त्या नळीत टाकायचा आणि मग बाजारात जायचं. त्यातून उभी राहिलेली त्झू ची ही संस्था आज जगभर आपत्तीच्या ठिकाणी धावून जाते. महिन्याचे पंधरा डॉलर एकदम का देऊ नयेत, असं त्या बायांना वाटलं असणारच. पण रोज टाकायचे, म्हणजे रोज आठवण राहते. आमच्या मते मुष्टिफंडाचं मर्म तांदळापेक्षा या रोजच्या आठवणीत आहे.

आता इंटरनेटवर येतो.

१९९९ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावच्या जॉन ब्रीन नावाच्या संगणकवाल्या गृहस्थाने ‘द हंगर साईट’ नावाचं एक संकेतस्थळ काढलं. त्याची रीत अशी. आपण तिथे जायचं, एक बटण दाबायचं. आपल्या खिशातून दमडी जात नाही. बटण दाबल्यावर काही कंपन्यांच्या जाहिराती दिसतात. त्या जाहिराती बघितल्याबद्दल कंपन्या जे पैसे देत त्याचं धान्य तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे जायचं. दिवसातून एका माणसाला एकदाच बटण. म्हणजे बघा, रोज एक मूठ. आमच्या चाळीतल्या आत्याला कुणी हे सांगितलं असतं तर तिला लगेच समजलं असतं.

पण त्या संकेतस्थळाचं पुढे काय झालं तेही सांगायला पाहिजे. २००० साली ब्रीन यांनी ते एका कंपनीकडे दिलं. अमेरिकेत इंटरनेटच्या धंद्याचा फुगा फुटला त्यात २००१ मध्ये ती कंपनी बसली. मग दुसऱ्यांनी विकत घेऊन ते चालू ठेवलं. आम्ही गिरणीवाले, आम्हाला यात नवल वाटत नाही. मालकाच्या नफ्यावर जे चालतं ते मालकाच्या तोट्याबरोबर थांबतं, मग ते साचे असोत की दान.

याच ब्रीन यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये ‘फ्रीराईस’ काढलं. त्यांचा मुलगा कॉलेजच्या प्रवेश परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करत होता, त्याच्यासाठी त्यांनी शब्दांचा खेळ केला होता, त्यातून हे निघालं. एक शब्द येतो, खाली चार अर्थ, बरोबर अर्थ निवडला की सुरुवातीला तांदळाचे दहा दाणे. दाणे हो, किलो नाही! मध्यंतरी काही काळ वीस केले होते. पहिल्या दिवशी सगळे मिळून ८३० दाणे जमले.

आमच्या नातीने हे ऐकलं आणि पोह्याच्या चमच्याने कोलम तांदूळ काढून मोजायला बसली. आठशेच्या पुढे गेल्यावर कंटाळली. म्हणजे जगभरातल्या माणसांनी मिळून पहिल्या दिवशी जमवला तो जेमतेम एक चमचा भात. पण पहिल्या दहा महिन्यांत तो आकडा चार हजार कोटी दाण्यांच्या वर गेला. त्यातला सुरुवातीचा तांदूळ बांगलादेशात आश्रयाला असलेल्या म्यानमारच्या निर्वासितांना गेला. २००९ मध्ये ब्रीन यांनी हा सगळा खेळ जागतिक अन्न कार्यक्रमाला देऊन टाकला आणि तो आजही चालू आहे, आता गणित, भूगोल वगैरे विषयही त्यात आहेत. एका मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या अन्नाला सुमारे १९,२०० दाणे लागतात असा त्यांचा हिशोब. दहा दाण्यांच्या भावाने एकोणीसशेवीस बरोबर उत्तरं. मुलांनो, इंग्रजीचा पेपर कच्चा असेल तर हा अभ्यास वाईट नाही.

आमचे एक जुने सहकारी, पँथरच्या काळापासूनचे, त्यांना आम्ही हे कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, ‘काका, पैसा जाहिरातवाल्याचा, पुण्य तुमचं, आणि जाहिरात बघून साबण तुम्हीच विकत घेणार. यात दिलं कोणी?’ खरं आहे त्यांचं. बोटाने बटण दाबणे हा त्याग नव्हे. ते स्वस्त दान आहे आणि स्वस्त दानाचा एक तोटा असतो. आपण काहीतरी केलं असं वाटून माणूस झोपी जातो. पण आम्ही त्यांना एवढंच म्हटलं की दादा, नातीने तांदूळ मोजला ना? १९,२०० हा आकडा या घरात याआधी कुणाला माहीत होता?

त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्वतःच्या खिशातून देणं. २०१५ साली जागतिक अन्न कार्यक्रमानेच ‘शेअर द मील’ नावाचं मोबाईल ॲप काढलं. एका मुलाच्या एका दिवसाच्या अन्नाला तेव्हा अर्धा डॉलर धरला होता, पुढे तो ऐंशी सेंट केला. तेवढे पैसे तिथल्या तिथे पाठवता येतात. २०२० चा शांततेचा नोबेल पुरस्कार याच जागतिक अन्न कार्यक्रमाला मिळाला. आणि तरीही २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसं उपाशी होती, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्था सांगतात. आपल्या देशात २०१४ साली दिल्लीच्या काही तरुणांनी ‘रॉबिन हूड आर्मी’ सुरू केली. ते पैसे घेतच नाहीत, हॉटेलात आणि लग्नात उरलेलं चांगलं अन्न मोबाईलवर एकमेकांना कळवून भुकेल्यांपर्यंत नेतात. लग्नाच्या मांडवातलं उरलेलं अन्न म्हटलं की आपल्या समाजाच्या अंगावर काटा येतो. येणारच. उष्टं आणि शिळं मागून खाण्याची सक्ती ज्यांच्या आजा-पणज्यावर होती आणि ती ज्यांनी बाबासाहेबांच्या एका शब्दावर सोडली, ती ही माणसं. तेव्हा उरलेलं अन्न देताना ते न हात लागलेलं, ताजं, झाकलेलं आणि पंगतीच्या मानाने दिलेलं असलं पाहिजे, हे आपल्यालाच जास्त कळतं. त्या पोरांच्या कामाला आम्ही नाव ठेवत नाही.

धम्माच्या बाजूनेही दोन शब्द. भन्तेजी बसले आहेत, चुकलं तर सांगतील. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातल्या एका गरीब माणसाची कथा आहे. भगवान बुद्ध उपदेशासाठी दुरून चालत आळवीला आले. त्या माणसाला उपदेश ऐकायचा होता, पण सकाळीच त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो धापा टाकत पोचला तेव्हा दिवस बराच वर आला होता, पोटात कण नव्हता. भगवंत तोवर गप्प बसून होते. तो आला तसे त्यांनी आधी विचारलं की भिक्षूंना वाढून काही अन्न शिल्लक आहे का, आणि आहे म्हटल्यावर त्याला नीट बसवून जेवायला घालायला लावलं. तो जेवला, मग उपदेश. बरोबरचे भिक्षू कुजबुजले की एका माणसाच्या जेवणाची चौकशी भगवंतांनी करावी? तेव्हा भगवंतांनी भूक हा केवढा मोठा रोग आहे ते त्यांना समजावलं. आम्हाला या कथेत आवडतं ते हे की त्याला कुणी उशीर का झाला असं विचारलं नाही.

हाच धागा धरून अमेरिकेतले भिक्खू बोधी, ज्यांचे पाली निकायांचे इंग्रजी अनुवाद जगभर वाचले जातात, त्यांनी २००८ साली ‘बुद्धिस्ट ग्लोबल रिलीफ’ ही संस्था उभी केली. भूक आणि कुपोषण हेच तिचं मुख्य काम. तिचा बराचसा कारभार स्वयंसेवक सांभाळतात. भुकेल्यांसाठी पदयात्रा काढतात. चालणारा माणूस इंटरनेटवरून आपल्या नातलग-मित्रांना कळवतो की मी चालतो आहे, तुम्ही काही द्या. त्या पैशातून अनेक देशांतल्या संस्थांना मदत जाते आणि त्यांत आपल्या नागपूरची, मुलींचं वसतिगृह चालवणारी बोधिचित्त फाउंडेशन ही संस्थाही आहे. बघा, न्यूयॉर्कमध्ये कुणी चार मैल चालतं आणि दीक्षाभूमीच्या शहरात एका मुलीच्या ताटात भाजी पडते. मधला सगळा रस्ता इंटरनेटचा.

आता आमची स्वतःची गोष्ट, कारण दुसऱ्यांची उदाहरणं देणं सोपं असतं.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. आमची गिरणी त्याच आठवड्यात थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. वस्तीत नाकाकामगार, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, सगळ्यांचे हात एका रात्रीत रिकामे. विहाराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चूल मांडली. पहिल्या दिवशी साठ माणसं होती, आठवड्याने तीनशेच्या वर. समितीची शिल्लक होती चौदा हजार, ती सहाव्या दिवशी संपली. त्या वेळी मुंबईत ‘खाना चाहिए’सारखे नागरिकांचे गट इंटरनेटवरून पैसे गोळा करून हजारोंना जेवण देत होते. आमचा पुतण्या म्हणाला, ‘काका, आपणही आवाहन करू. ट्रस्टच्या खात्याचा क्यू. आर. काढू.’ आम्ही म्हटलं, न पाहिलेली माणसं कशाला देतील?

रात्री साडेदहाला पहिले एकशे एक रुपये आले. पाठवणारी होती चाळीत आमच्या मागच्या खोलीत राहणारी, पुढे लग्न होऊन पुण्याला गेलेली ताई. मग नागपूर, औरंगाबाद, दुबई. अकरा रुपये, एक्कावन्न रुपये. एकाने चार दिवस रोज वीस रुपये पाठवले. चौकशी केली तर तो स्वतःच बेकार बसलेला. त्याला म्हटलं, राहू दे बाबा. तर म्हणाला, काका, मूठ आहे ती, नाही म्हणू नका. भीम नावाचं ॲप ३० डिसेंबर २०१६ ला निघालं तेव्हा आम्ही म्हटलं होतं की नाव बाबासाहेबांचं घेतलं, काम काय करतील देव जाणे. त्या रात्री आम्ही आमचे शब्द मागे घेतले. चूल बावन्न दिवस चालली.

पण त्यात एक गोष्ट घडली ती सांगायची आम्हाला लाज वाटते, तरी सांगतो. एका बड्या देणगीदाराकडून निरोप आला. पंधरा दिवसांचं धान्य देतो, मात्र जेवण घेणाऱ्यांचे फोटो पाहिजेत, चेहरे दिसले पाहिजेत, हातात आमच्या नावाचा फलक पाहिजे. समितीची बैठक झाली. दोन तट पडले. आम्ही स्वतः फोटोच्या बाजूने होतो. आम्ही म्हटलं, फोटोने कुणाचं पोट दुखतं? पंधरा दिवसांचं धान्य आहे! दुसऱ्या दिवशी पुतण्या मोबाईल घेऊन रांगेसमोर उभा राहिला. रांगेत साधारण चाळिशीच्या एक बाई होत्या, हातात स्टीलचा डबा. मोबाईल बघितला, पदर तोंडावर ओढला आणि रांगेतून बाहेर पडून निघून गेल्या. काही बोलल्या नाहीत. डबा रिकामाच.

आमच्या डोळ्यांसमोर आमची आई उभी राहिली. आम्ही पुतण्याच्या हातातला मोबाईल खाली केला.

त्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्या खोलीपर्यंत डबा पोचवायला आम्हाला तीन दिवस लागले, कारण रांगेत रोज बघत असूनही नाव कुणी विचारलं नव्हतं. देणगीदाराला आम्ही फक्त पातेल्यांचे, पोत्यांचे आणि बिलांचे फोटो पाठवले. धान्य आलं नाही. नंतरचे चार दिवस नुसती खिचडी दिली, तीही पातळ. लोकांनी खाल्ली. बैठकीत ज्यांनी फोटोला विरोध केला होता त्या महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत, याचंच जास्त लागलं.

म्हणून इंटरनेटवरून मदत मागणाऱ्या कुठल्याही संस्थेचं पान उघडलं की आम्ही आधी फोटो बघतो. रडक्या, उघड्या, हाडं निघालेल्या पोरांचे चेहरे दाखवून पैसे मागत असेल तर आम्ही पुढे जातो. ते पोर मोठं होईल, त्याच्या हातातही मोबाईल येईल, आणि त्याला तो फोटो सापडेल. आत्याने पदराखाली झाकून आणलेली गोष्ट ही माणसं चव्हाट्यावर मांडतात.

दुसरी चूक २०२१ सालची. मोबाईलवर एक संदेश आला, कुठल्याशा आश्रमातली मुलं दोन दिवस उपाशी आहेत, खाली फोटो, खाली खात्याचा नंबर. आम्ही तो विहाराच्या ग्रुपवर पुढे ढकलला आणि वर स्वतःच्या मनाने लिहिलं, ‘खात्री केली आहे.’ खात्री कसली, कपाळ! वस्तीतल्या एका मावशीने, नवऱ्याच्या तुटपुंज्या पेन्शनवर राहणाऱ्या, नातवाकडून पाचशे रुपये पाठवले. आठ दिवसांनी पुतण्याने तो फोटो इंटरनेटवर उलटा शोधून दाखवला. फोटो दुसऱ्याच देशातला, कित्येक वर्षांपूर्वीचा. आम्ही पाचशे रुपये घेऊन मावशीकडे गेलो, सगळं सांगितलं. मावशीने पैसे घेतले नाहीत. म्हणाली, ‘त्या फोटोतली लेकरं कवातरी उपाशी व्हतीच की. पन तू शिकल्याला माणूस, तू लिवलंस म्हणून दिले मी.’ पैसे शेवटी दानपेटीत गेले. तिचं वाक्य अजून आमच्याकडेच आहे.

तेव्हापासून आम्ही काही चाळण्या लावतो, त्या तुम्हालाही सांगतो. खातं संस्थेच्या नावाचं पाहिजे, माणसाच्या नावाचं नको. महाराष्ट्रातली संस्था असेल तर तिचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तपासता येतो; नीती आयोगाच्या दर्पण या ठिकाणीही हजारो संस्थांची माहिती आहे. गेल्या वर्षाचा हिशोब मागा. प्रामाणिक संस्थेला हिशोब मागितल्याचा राग येत नाही, हा आमचा अनुभव. पावती घ्या; आयकरात ८०जी ची सवलत पाहिजे असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही, म्हणून तेही खात्यातूनच जाऊ द्या. आणि एक गोष्ट तर पाठच करा. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कुणी म्हणालं की देणगी जमा करायला पिन टाका, तर तो चोर आहे. फसलात तर लाजून घरी बसू नका, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

परदेशातल्या नातलगांचं विचारतात, म्हणून तेवढं सांगतो. दुबईला कामाला गेलेला आपला भाचा, ज्याचा पासपोर्ट भारताचा आहे, त्याने आपल्या बचतीतून दिलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याने किंवा तिकडच्या संस्थेने दिले तर ते परदेशी दान ठरतं. त्याला केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठराविक खात्यातच घ्यावा लागतो. आपल्या विहाराची ती नोंदणी नाही. तेव्हा प्रेमाने नको म्हणायचं आणि नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेचं नाव सुचवायचं.

द्यायचे किती? १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं होतं. आम्ही किती जण देतो, हे आज विचारत नाही; वर्धापन दिन आहे.

एवढं सगळं दानाबद्दल बोललो, पण आमच्यातला युनियनवाला गप्प बसत नाही. दान चांगलं, तरी ते देणाऱ्याच्या मर्जीवर. संपात आम्हाला आत्याच्या मायेने जगवलं; तिचा नवरा गोदीत नसता तर? २००१ साली राजस्थानात माणसं उपाशी आणि सरकारी गोदामात धान्य सडतंय, असं असताना पी.यू.सी.एल. या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी न्यायालयाने सरकारी शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश काढला. २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा आला. त्यात पात्र कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयाला कुटुंबामागे पस्तीस किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे दान नाही, हक्क आहे. इथे मान खाली घालायची गरज नाही, माप बरोबर आहे का ते डोळे वर करून बघायचं.

आणि इथेच इंटरनेटची दुसरी बाजू दिसते. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लावावा लागतो. आमच्या वस्तीतल्या ज्या बायांनी वर्षानुवर्षे सूत हाताळलं, भांडी घासली, त्यांच्या बोटांचे ठसे पुसट झालेत. यंत्र म्हणतं, ही बाई ती बाई नव्हे. तीस वर्षं एकाच दुकानातून रेशन घेणारी बाई, दुकानदार तिला नावाने हाक मारतो, पण यंत्र ओळखत नाही! तांदळाचे दाणे अमेरिकेतून बांगलादेशात पोचवणारं हेच इंटरनेट इथे दोन गल्ल्यांवरचं धान्य अडवून धरतं. तेव्हा मुलांनो, परक्या देशात ऐंशी सेंट पाठवणं चांगलंच, पण त्याआधी शेजारच्या आजीच्या रेशनकार्डावर तिचं नाव चालू आहे की कापलं गेलंय, हे ‘मेरा राशन’वर बघून द्या. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर अंगठ्याऐवजी मोबाईलवर येणाऱ्या क्रमांकाने काम भागतं का, ते दुकानदाराला तिच्या वतीने विचारा. त्याला पैसा लागत नाही, दोन तास लागतात.

समितीशी बोलून आम्ही असं ठरवलं आहे. येत्या रविवारपासून सकाळी वंदनेनंतर वाचनालयात एक टेबल असेल. मोबाईल येणारी दोन मुलं आणि आम्ही बसू. रेशनकार्ड, आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल बरोबर आणा. एखाद्या संस्थेला पैसे पाठवायचे असतील तर ती खरी की खोटी हे तिथेच मिळून तपासू. डालड्याचा डबा आता मिळत नाही. महिला मंडळाने स्टीलचा आणला आहे, तो दाराशी ठेवू. ज्यांना तांदूळ टाकायचा त्यांनी तांदूळ टाकावा. ज्यांना मोबाईलवरून द्यायचं त्यांच्यासाठी शेजारी काचेच्या चौकटीत ट्रस्टचा क्यू. आर. लावला आहे. काच अशासाठी की एका ठिकाणी कुणीतरी खऱ्या चिठ्ठीवर स्वतःची चिठ्ठी चिकटवून महिनाभर दान खाल्लं, असं कानावर आलं आहे. पैसे पाठवण्याआधी मोबाईलवर आपल्या ट्रस्टचं पूर्ण नाव येतंय का ते वाचा. नाव दुसरं आलं तर पाठवू नका, आम्हाला हाक मारा. आणि डब्यातलं धान्य ज्याला न्यायचं असेल त्याच्यासाठी मागचं दार रात्री साडेनऊपर्यंत उघडं राहील. तिथे दिवा लावणार नाही.

जयभीम.